स्टोअरबाईंना दिसणाऱ्या फाइली

लिफ्ट बसवणाऱ्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत कॉम्प्युटरचं सगळं खातं एकाच गृहस्थांच्या अंगावर होतं. वय एक्कावन्न, अंगाने किडकिडीत, स्वभावाने गरीब. प्रिंटर अडकला, पासवर्ड आठवेना, कीबोर्डवर चहा सांडला, की लोक त्यांना हाक मारत, आणि ते कुठल्याही तक्रारीवर एकच उत्तर देत, "बघतो." त्यामुळे त्यांचं नाव बघतोसाहेब पडलं होतं. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपट वाचतो कोण?

एका रविवारी दुपारी, ऑफिस रिकामं असताना, बघतोसाहेबांनी सर्व्हरवर नवं अपडेट चढवलं. सर्व्हर म्हणजे पूर्वी झाडू-बादल्या ठेवायच्या खोलीत दिवसरात्र गुरगुरणारं एक कपाट. कंपनीतल्या चाळीस माणसांची सगळी कागदपत्रं त्याच्या पोटातल्या एका मोठ्या सामायिक फोल्डरमध्ये असत आणि ती प्रत्येकाला आपापल्या टेबलावरून उघडता येत. अपडेट विनातक्रार चढलं, हिरवे दिवे लागले, आणि बघतोसाहेब मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत घरी गेले.

सोमवारी सव्वानऊला पहिला फोन आला. साडेनऊला त्यांच्या टेबलाभोवती गर्दी जमली.

"अहो, फोल्डर उघडतंय, पण आत ठणठणाट आहे!" ड्रॉइंगवाल्या म्हणाल्या.

"आमचं तर फोल्डरच गायब!" विक्रीवाले म्हणाले.

"बघतो," बघतोसाहेब म्हणाले.

सगळ्यात वाईट अवस्था मोठ्या साहेबांची होती. मोठे साहेब म्हणजे कंपनीचे मालक. त्यांच्या पडद्यावर अख्ख्या कंपनीच्या कागदपत्रांपैकी एकच कागद उरला होता, ऑफिसातल्या छताच्या पंख्यांचं हमीपत्र, आणि त्याचीही मुदत सहा वर्षांपूर्वी संपली होती. मोठे साहेब ते पुन्हा पुन्हा उघडून बघत होते, जणू आत कंपनी सापडेल.

बघतोसाहेब सर्व्हरच्या खोलीत शिरले, दार लावून घेतलं आणि अर्ध्या तासात निदान केलं. एकही फाइल गेलेली नव्हती. साठ हजारांच्या वर फाइली होत्या त्या जागच्या जागी होत्या. फक्त नव्या अपडेटने एक नियम कडक केला होता. ज्याला ज्या फोल्डरची रीतसर परवानगी आहे, त्याला तेवढंच दिसेल; बाकीच्यांना त्याचं नावसुद्धा दिसणार नाही.

आणि रीतसर परवानगी म्हटलं तर, त्यांच्या आठवणीप्रमाणे, कंपनीत कोणालाच नव्हती. अकरा वर्षांपूर्वी बघतोसाहेबांनी स्वतः एक पानभर अर्ज तयार करून सगळ्यांना वाटला होता. कोणतं फोल्डर बघायचं आहे ते लिहा आणि खाली सही करा, इतकंच. तेव्हा मोठ्या साहेबांनी तो अर्ज दोन बोटांत धरून विचारलं होतं, "हे कशाला? आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंबात परवानगी कसली?" त्यानंतर अर्ज कोणी भरल्याचं त्यांना आठवत नव्हतं. जुनं मशीन ढिसाळ होतं, ते सगळ्यांना सगळं दाखवत राहिलं. नवं मशीन शिस्तीचं निघालं.

ही आनंदाची बातमी घेऊन बघतोसाहेब जवळजवळ धावतच मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. पण तिथे सगळे विभागप्रमुख आधीच जमले होते आणि बैठकीला रंग चढला होता.

"किती नुकसान आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"साहेब, नुकसान तसं..." बघतोसाहेबांनी तोंड उघडलं.

"फार आहे, साहेब," सेवाप्रमुख मध्येच म्हणाले. शहरभर बसवलेल्या लिफ्टची तपासणी आणि दुरुस्ती ही त्यांची जबाबदारी. गोरेगोमटे, गळ्यापर्यंत बटणं लावलेले, आवाजात सदैव सांत्वन. "तिमाही तपासणीचे अकरा इमारतींचे अहवाल. सगळे तयार होते. शुक्रवारी संध्याकाळी टाकले आणि सोमवारी बघतो तर पान कोरं. माझ्या मुलांनी रक्त आटवलं होतं हो त्यावर."

मोठ्या साहेबांनी हळहळून मान हलवली. ती हळहळ बघून विक्रीवाल्यांना आठवलं की गेले दोन महिने रखडलेला त्यांचा बाजारपेठेचा अभ्यासही नेमका शुक्रवारीच पूर्ण झाला होता. ड्रॉइंगवाल्यांचे नव्या मॉडेलचे नकाशे अगदी शेवटच्या रेघेपर्यंत आले होते. मनुष्यबळाच्या मॅडमनी डोळ्यांना रुमाल लावून सांगितलं की प्रशिक्षणाचं वार्षिक नियोजन, जे त्यांच्याकडे वर्षभर मागितलं जात होतं, तेही गेलं. तासाभरात असं चित्र उभं राहिलं की गेल्या शुक्रवारइतकं काम कंपनीच्या जन्मापासून कधी झालं नव्हतं.

"साहेब, फाइली गेलेल्या नाहीत. दिसत नाहीत, एवढंच," बघतोसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

"अहो, माणूस गेला काय आणि दिसेनासा झाला काय, घरच्यांना सारखंच ना?" सेवाप्रमुख हळुवारपणे म्हणाले.

मोठ्या साहेबांना हे वाक्य आवडलं. त्यांनी तिथल्या तिथे फाइल शोध समिती नेमली, सेवाप्रमुखांना तिचे अध्यक्ष केलं, आणि बघतोसाहेबांना हुकूम दिला की हरवलेल्या सगळ्या फाइलींची यादी दुपारपर्यंत करा आणि समितीने सांगितल्याशिवाय मशीनला हात लावू नका.

दुपारपर्यंत यादी दोनशे चाळीस फाइलींची झाली.

यादी छापायला घेतली तर प्रिंटरची केबल सैल. नवी केबल आणायला बघतोसाहेब तळघरातल्या स्टोअरमध्ये उतरले. स्टोअर सांभाळणाऱ्या बाई बावीस वर्षं तिथेच होत्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, उन्हाळ्यातही अंगात स्वेटर, कारण तळघरात गारठा. दोर, बेअरिंग, बटणं, बल्ब, स्क्रू यांच्या रॅकांमध्ये त्या एखाद्या राणीसारख्या बसत. स्टोअरमधून टाचणी जरी गेली तरी त्यांच्याकडे नोंद आणि घेणाऱ्याची सही.

"स्टोअरबाई, तुमचं पण बंद असेल ना सगळं?" केबलच्या वहीत सही करता करता बघतोसाहेबांनी विचारलं.

"बंद कशाला? माझं चालू आहे. सकाळपासून मी तीन फाइली उघडल्या."

बघतोसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं आणि ते मटकन स्टुलावर बसले. ड्रॉइंग, विक्री, सेवा, मनुष्यबळ, मोठ्या साहेबांचं खासगी फोल्डरसुद्धा, सगळं स्टोअरबाईंच्या पडद्यावर ओळीने उभं होतं.

"हे तुम्हाला कसं दिसतंय?"

"तुम्हीच नाही का दिलं? तो अर्ज आणला होता तुम्ही, अकरा वर्षं झाली. मी भरून दिला. काय काय बघायचंय असं विचारलं होतं, मी लिहिलं, सगळं. कुठल्या लिफ्टला कुठला भाग लागेल हे स्टोअरला आधी कळायला नको? खाली तुमची सही आहे. माझ्याकडे प्रत आहे, दाखवू?"

दाखवायची गरज नव्हती. चाळीस माणसांत एकीने अर्ज भरला होता आणि मशीनने तिचं ऐकलं होतं. बघतोसाहेबांना हसावं की रडावं कळेना.

"बाई, जरा सेवा विभागाचं उघडा हो. तिमाही तपासणीचे अहवाल."

बाईंनी उघडलं. शेवटचा अहवाल सात महिन्यांपूर्वीचा होता. त्यानंतर काही नाही. ना शुक्रवारी, ना त्याआधी.

"इथे नसतील, दुसरीकडे ठेवले असतील," बघतोसाहेब चाचरत म्हणाले.

"कुठे नसणार. अहो, तपासणी झाली की मशीनच्या डब्याला तांबडं सील लावायचं असतं. एक तपासणी, एक सील. ते सील इथून जातं." बाईंनी मागच्या रॅकवरून एक खोका काढून टेबलावर ठेवला. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नव्हती. "सात महिने मी म्हणतेय, सील न्यायला कोणी येत कसं नाही?"

बघतोसाहेबांनी जुन्या अहवालातली अकरा इमारतींची यादी वाचायला घेतली आणि चौथ्या नावाशी त्यांचं बोट थांबलं. त्या इमारतीत सातव्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण राहत होती. एकटी, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली. गेल्याच आठवड्यात ती फोनवर म्हणाली होती की लिफ्ट चौथ्या मजल्यावर हिसका देते आणि थांबते ती वीतभर वर. आणि हे तिला काय म्हणाले होते? बघतो.

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"ताई, कुठे आहेस?"

"घरात. या वेळी आणखी कुठे असणार? का रे, बरा आहेस ना?"

"ताई, दोन दिवस लिफ्टने जाऊ नकोस."

"मग काय खिडकीतून जाऊ?"

"घरीच राहा. भाजी, औषधं, काय हवं ते मी आणून देतो."

"बाळ, काय झालंय? मोडलीय का लिफ्ट? मी सकाळीच खाली जाऊन आले."

"तपासलेली नाहीये गं. सात महिने."

ताई म्हणाली, "पण खाली तर तुमच्याच कंपनीचा कागद लावलाय. नियमित तपासणी, निश्चिंत प्रवास. मी रोज वाचते तो. आणि तू तिथे बसून काय करतोस रे मग?"

बघतोसाहेबांनी फोन ठेवला, वर जाऊन यादी छापली आणि तिची पहिली प्रत स्टोअरबाईंना आणून दिली.

तीन वाजता समितीची बैठक भरली. लांब टेबल, आठ माणसं, प्रत्येकासमोर हरवलेल्या फाइलींची यादी. सेवाप्रमुखांनी दोन मिनिटं झालेल्या हानीबद्दल बोलून वातावरण गंभीर केलं. मग बघतोसाहेब उभे राहिले.

"एकही फाइल पुसली गेलेली नाही. प्रत्येकाने एक अर्ज भरून सही केली की मी संध्याकाळच्या आत सगळं पूर्ववत करतो."

टाळ्या पडायला हव्या होत्या. पण टेबलाभोवतीचे चेहरे असे पडले की जणू कोणी अपघाताची बातमी सांगितली.

"सगळं?" विक्रीवाल्यांनी विचारलं.

"जे होतं ते सगळं."

"घाई नको करायला," ड्रॉइंगवाल्या म्हणाल्या. "परत आणताना बिघडलं तर?"

"बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा," मनुष्यबळाच्या मॅडम म्हणाल्या. "तज्ज्ञ येईपर्यंत आम्ही मनाची तयारी करू."

सेवाप्रमुखांनी अर्ज हातात घेऊन बारकाईने वाचला. खाली एक ओळ होती, या फोल्डरमध्ये जे आहे आणि जे नाही, त्याची जबाबदारी माझी. "ही भाषा फार कठोर आहे," ते म्हणाले. "आणि मी असं ऐकतोय की स्टोअरच्या बाईंना सगळं दिसतंय. सगळ्यांच्या फाइली जातात आणि एकाच माणसाच्या राहतात, हा योगायोग म्हणायचा? मला कोणावर आळ घ्यायचा नाही, पण पुसायची संधी कोणाला होती, हे समितीने बघायला हवं."

मोठ्या साहेबांनी स्टोअरबाईंना वर बोलावलं. त्या आल्या त्या हातात कागदांचा गठ्ठा घेऊन. बसायला कोणी सांगितलं नाही, म्हणून उभ्याच राहिल्या.

"तुम्ही फाइली पुसल्यात का?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. बावीस वर्षांत स्टोअरमधला एक वॉशर कमी भरला नव्हता. त्यांनी कागदांचा गठ्ठा छातीशी आवळून धरला.

बघतोसाहेबांनी टेबलाची कड धरली. अशा वेळी आजवर त्यांनी नेहमी खाली मान घालून चष्मा पुसला होता. यावेळी चष्मा नाकावर तसाच राहिला.

"बाईंनी काही पुसलेलं नाही," ते म्हणाले, आणि आवाज इतका मोठा आला की ते स्वतःच दचकले. "कोणी काय उघडलं, काय लिहिलं, काय पुसलं, याची मिनिटामिनिटाची नोंद मशीन ठेवतं. शुक्रवारी दुपारी चारनंतर या फोल्डरमध्ये एकाही माणसाने एक अक्षर लिहिलेलं नाही. अहवाल हरवलेले नाहीत, साहेब. अहवाल नव्हतेच. तपासणीच झालेली नाही."

"हा माझ्या टीमचा अपमान आहे," सेवाप्रमुख म्हणाले. आवाजातलं सांत्वन मात्र पातळ झालं होतं.

"सील कोणी नेलं?" स्टोअरबाईंना एकदम वाचा फुटली. "सही दाखवा. तपासणी केली म्हणता, मग सील कुठलं लावलंत? घरून आणलंत?" त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "तुमची यादी मला दुपारीच मिळाली होती. मी फोल्डरशी ताडून पाहिली. दोनशे चाळीसपैकी एकसष्ट फाइली आहेत. बाकीच्या कधी जन्मालाच आल्या नाहीत. कोणाच्या किती, ते पुढे लिहिलंय."

विक्रीवाल्यांनी पाण्याचा ग्लास रिकामा असूनही तोंडाला लावला.

मोठे साहेब खाकरले. "हे बघा, चुका होतात. आपण एक कुटुंब आहोत. दोन महिने उशीर, सात महिने उशीर, हे सगळीकडे चालतं. लिफ्ट काय, चालतायत ना? ही गोष्ट आपण या खोलीतच ठेवू या. समितीने महिन्याभरात अहवाल..."

"अकरा लिफ्ट आहेत, साहेब," बघतोसाहेब म्हणाले. "त्यातल्या एकीने माझी बहीण वरखाली करते."

"अहो, तुमची बहीण म्हणजे आमची बहीण. काळजी करू नका."

"नावं वाचू का इमारतींची?" स्टोअरबाईंनी विचारलं आणि कोणी हो म्हणायच्या आत वाचायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मोठे साहेब घड्याळ बघत होते. चौथं नाव, पाचवं, सहावं. सातव्या नावाला मोठ्या साहेबांची मान झटकन वर आली.

"काय म्हणालात?"

बाईंनी नाव पुन्हा वाचलं. ती इमारत सगळ्यांना ठाऊक होती. तिच्या बाराव्या मजल्यावर मोठे साहेब स्वतः राहत होते.

मोठ्या साहेबांनी खिशातून फोन काढला. त्यांचा अंगठा दोनदा चुकला. "हॅलो, ऐकतेस का? आई कुठे आहेत? ... फिरायला निघाल्या? कधी? ... थांबव त्यांना! लिफ्टमध्ये पाऊल ठेवू देऊ नकोस! ... मला माहीत आहे कोणाची कंपनी आहे ती!"

फोन ठेवून ते सेवाप्रमुखांकडे वळले. पुढची पाच मिनिटं कुटुंबाचा विषय निघाला नाही. चार वाजता कंपनीतले झाडून सगळे मेकॅनिक रस्त्यावर होते, आणि स्टोअरबाई खोक्याची चिकटपट्टी कात्रीने कापून एकेकाला सही घेऊन सील देत होत्या. कोणी सहीत टाळाटाळ केली तर त्या सील परत घेत.

दोन दिवसांत अकराही लिफ्ट तपासून झाल्या. आठ ठीक होत्या. मोठ्या साहेबांच्या इमारतीतल्या लिफ्टच्या दाराचा रूळ झिजला होता. आणखी एकीचं आणीबाणीचं बटण दाबलं की घंटेऐवजी दिवा जायचा. ताईच्या लिफ्टच्या ब्रेकचे पट्टे कागदाइतके पातळ झाले होते. मेकॅनिकने ते काढून बघतोसाहेबांच्या हातावर ठेवले, तेव्हा त्यांनी ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवले.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. मोठ्या साहेबांनी कंपनीच्या ग्राहकांना पत्र पाठवलं की अद्ययावत तंत्रज्ञानाच्या मदतीने आम्ही विशेष सुरक्षा मोहीम राबवली. मोहिमेचे प्रमुख म्हणून सेवाप्रमुखांचा फोटो छापून आला. महिन्याभराने मात्र त्यांची बदली गोदामाच्या इमारतीत झाली, जिथे लिफ्ट नव्हती. बघतोसाहेबांना एक लेखी समज मिळाली, की समितीची परवानगी न घेता समितीला माहिती दिली. स्टोअरबाईंना काहीच मिळालं नाही, पण त्यांची परवानगी काढून घ्यायची हिंमतही कोणाला झाली नाही.

अर्ज भरण्याच्या दिवशी खरी पंचाईत उभी राहिली. आपल्याला कामाला नेमकं कोणतं फोल्डर लागतं, हेच निम्म्या लोकांना सांगता येईना. शेवटी तळघराच्या जिन्यावर रांग लागली. स्टोअरबाई चष्म्यावरून एकेकाकडे बघत, तो काय काम करतो ते त्यालाच समजावून सांगत आणि अर्ज भरून देत. मनुष्यबळाच्या मॅडम दोनदा रांगेत उभ्या राहिल्या.

अर्ज भरून झाले त्या आठवड्याच्या रविवारी ताईचा फोन आला. बघतोसाहेब घाबरतच उचलायला गेले.

"लिफ्ट बरी आहे ना, ताई?"

"बरी? अरे, लोण्यासारखी चालते. हिसका नाही की आवाज नाही."

"मग झालं तर."

"झालं काय! खालच्या तिसऱ्या मजल्यावरची ती बाई भीतीने वर यायची बंद झाली होती. आता दिवसातून तीनदा येते. तास तास बसते. सगळ्या बिल्डिंगच्या कागाळ्या मला सांगते." ताईने आवाज खाली घेतला. "बाळ, मला एक सांग, ती लिफ्ट फक्त तिसऱ्या मजल्यावर थांबणार नाही, असं काही करता येतं का रे?"